डाव्या हाताचे गठ्ठे

काकांना सगळी गल्ली नाकवाले काका म्हणायची. नाक दिसायला काही मोठं नव्हतं. उलट चेहऱ्याच्या मानाने ते जरा बसकंच होतं, आणि चष्म्याने त्याच्या दोन्ही बाजूंना कायमचे खड्डे पाडले होते. पण या नाकाने दूध डेअरीच्या वैरणीच्या गोदामात एकतीस वर्षं नोकरी केली होती. हजेरीपत्रकावर नाव काकांचं असे, काम नाक करी.

गोदामाच्या दाराशी गवताची गाडी लागली की काका खुर्चीवरून उठत. गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालून आतली मूठभर काडी ओढून काढत, नाकाशी धरत आणि डोळे मिटत. मग एकच शब्द बोलत. "घ्या" किंवा "न्या". घ्या म्हणजे माल आत, न्या म्हणजे गाडी परत. एकदा एका पुरवठादाराने "न्या" ऐकून दारातच आकांडतांडव केलं. गवत पिवळंधमक, कडकडीत वाळलेलं. मग न्या कशाला? काका म्हणाले, "आत उंदीर मेलाय." गाडी उतरवली. तळाच्या दुसऱ्या थरात उंदीर निघाला. तेव्हापासून हमाल म्हणू लागले, "काका, रिटायर होताना नाक इथेच जमा करून जावं लागेल. ते गोदामाचं आहे."

काका रिटायर झाले ते नाक बरोबर घेऊन. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाई चांगल्या गवतावर पोसल्या, आता चार आपल्या असाव्यात, एवढीच त्यांची हौस होती. घरामागे त्यांनी गोठा बांधला. चाराच्या पाच झाल्या: म्हातारी, भुरी, एकशिंगी, तांबडी आणि तांबडीची पहिली कालवड. म्हातारी सगळ्यांत पुढे बांधलेली असायची. ती गव्हाणीत तोंड घालेपर्यंत बाकीच्या खात नसत.

घर आणि गोठा यांच्यामध्ये वैरणीची लांबट खोली होती. तिला समोरासमोर दोन दारं. एक स्वयंपाकघराच्या अंगणात उघडायचं, दुसरं फाटकाकडच्या बोळात. काकूंची ये-जा अंगणाच्या दाराने. काका मात्र दिवसातून दहा वेळा आत जायचं असलं तरी घराला वळसा घालून बोळातून जायचे. "माल ज्या दाराने येतो, तपासनीस त्याच दारात उभा राहतो," ते म्हणायचे. काकू म्हणायच्या, "तपासनीस आता घरी बसलाय. कोणी सांगा त्याला."

आणि मग पाऊस गेला. पहिल्या वर्षी कमी झाला, दुसऱ्या वर्षी झालाच नाही. जमिनीच्या भेगेत काठी घातली तर मुठीपर्यंत आत जायची. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि त्याच्यामागे बादल्यांची रांग चौकापर्यंत जायची. रस्त्यावरची करडी धूळ भांड्यांवर, अंथरुणांवर, जनावरांच्या पापण्यांवर बसायची. फडका मारून पाठ वळवेपर्यंत पुन्हा तेच. लोकांनी धूळ झटकायचीच सोडून दिली. जनावरं विकायला काढली तर गिऱ्हाईक एकच उरलं होतं, आणि गाडी घेऊन दारोदार फिरणारं ते गिऱ्हाईक गाई दुधासाठी घेत नव्हतं. काका म्हणाले, "माझ्या दावणीची एकही त्या गाडीत चढणार नाही." हे त्यांनी चारचौघांत म्हटलं होतं, त्यामुळे आता मागे घेण्याची सोय नव्हती.

त्यातच गेल्या हिवाळ्यात काकांना बारा दिवस ताप आला. ताप उतरला, उठून फिरू लागले, पण चहा गरम पाण्यासारखा लागे. येईल चव हळूहळू, असं म्हणत त्यांनी आठ दिवस काढले. नवव्या दिवशी अंघोळीला साबणाची नवी वडी फोडली आणि हातातच धरून ते मोरीत बसून राहिले. साबणाला वास नव्हता. काकू बाहेर गेल्याचं पाहून त्यांनी रॉकेलच्या बाटलीचं बूच काढलं. काही नाही. कांदा चिरून नाकाशी धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं; कांद्याने डोळ्यांना ओळख दिली, नाकाला दिली नाही.

त्याच आठवड्यात दूध करपलं. काका चुलीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. काकू अंगणातून धावत आल्या, पातेलं उतरवलं आणि काकांकडे बघत राहिल्या.

"तुम्ही इथेच होता ना?"

"मी म्हटलं, तू बघत असशील."

 काकूंनी पातेलं राख लावून घासलं आणि पालथं घातलं.

काकांनी कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? कोणाचं गुडघ्याचं दुखणं असतं, कोणाचं दाताचं, ते चारचौघांत सांगता येतं. पण नाकवाल्याचं नाक गेलं, हे सांगितलं तर मागे उरतं काय? गल्लीतल्या सात-आठ घरी एखाददुसरं जनावर होतं, आणि त्यांतलं कोणीही काकांना बरोबर घेतल्याशिवाय वैरण आणत नव्हतं. शेजारचा शिंपी तर त्यांना बघताच हाक मारायचा, "काय काका, नाक कसं आहे?" हाच त्याचा रामराम. काका म्हणायचे, "जागेवर आहे."

गंमत अशी, की काम चालून गेलं. मालधक्क्यावरचा गवताचा जुना व्यापारी, मिशीवाला, काकांना गोदामाच्या दिवसांपासून ओळखायचा. तापानंतर पहिल्यांदा काका त्याच्याकडे गेले. त्यांनी नेहमीप्रमाणे मूठभर काडी ओढली, नाकाशी धरली, डोळे मिटले आणि उभे राहिले. काहीच येत नव्हतं, म्हणून उभेच राहिले.

मिशीवाला चुळबुळ करू लागला. "काय म्हणतंय नाक?"

काकांनी डोळे उघडले नाहीत.

"तो खालचा थर जरा दमट आहे. तो मी तुम्हाला देणारच नव्हतो."

"मी विचारलं का तुला?"

"तुम्ही विचारत नाही, हीच तर पंचाईत आहे!"

नाक गेलं होतं, पण नाकाचा धाक शाबूत होता. काका फक्त डोळे मिटून उभे राहायचे आणि मिशीवाला स्वतःच्या मालाचे दोष स्वतःच सांगायचा. पाच महिने असे गेले. काकांना कधी कधी वाटायचं, नाक असतानाही आपण हेच तर करत नव्हतो?

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. पाच जनावरांना रोज दोन गठ्ठे, म्हणजे साठ गठ्ठे महिनाभर जायला हवेत. जात होते सव्वीस-सत्तावीस दिवस. काका चिडायचे. "मिशीवाला गठ्ठे सैल बांधतो. वरून मोठे, आत पोकळ."

"बांधत असेल," काकू म्हणायच्या. तापानंतर गठ्ठे फोडायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. "तुमची कंबर आधीच नाकी नऊ आणते. तुम्ही पाण्याचं बघा, गव्हाणीचं मी बघते." काकांना ते बरंच वाटलं होतं.

उन्हाळा चढला तसा मिशीवाल्याचा मालच संपला. ज्या भागातून त्याचं गवत यायचं तिथलीच कुरणं जळाली. एके दिवशी त्याच्या जागेवर नुसता वजनकाट्याचा लोखंडी खांब उभा दिसला. दोन दिवस गव्हाणी रिकाम्या राहिल्या. काकूंनी जुन्या गाद्यांत भरलेलं गवतसुद्धा काढून घातलं. तांबडी सात महिन्यांची गाभण होती. बाकीच्या हंबरायच्या, ती हंबरायचीही नाही, नुसती दाव्याला ताण देऊन बोळाच्या दाराकडे बघत उभी राहायची. काका त्या दाराने आत आले की तिचे कान पुढे यायचे, आणि हात रिकामे दिसले की पडायचे. काकांच्या डोक्यात आता एकच होतं. ही विते आणि वासरू उभं राहतं, तिथपर्यंत पोचायचं. पुढचं पुढे.

तिसऱ्या दिवशी मालधक्क्यावर लांबून एक लॉरी आली. गवतवाला अनोळखी होता, तोंडात आगपेटीची काडी धरून टपावर बसलेला. लॉरीभोवती पन्नास माणसं. काका आणि शिंपी कसेबसे पुढे घुसले. शिंप्याची एकच म्हैस होती, आणि तिच्या दुधावर त्याची तीन पोरं.

काकांनी हात घातला, मूठ काढली, डोळे मिटले.

वरून आवाज आला, "काय काका, झोप लागली का?"

लोक हसले. शिंपी म्हणाला, "ओ गवतवाले, गप्प बसा जरा. नाकवाले काका आहेत ते."

"असतील. आम्ही काय बिननाकाचे आहोत?" पुन्हा हशा. "गवताला गवताचाच वास येणार. अत्तर लावून आणायला हवं होतं का?"

काका वाट बघत होते. आता बोलेल, एखादा थर, एखादी बाजू. माणूस काहीतरी बोलतोच. पण याला काका कोण, गोदाम कुठलं, उंदीर कुठला, काही ठाऊक नव्हतं. तो काडी चघळत राहिला. काकांनी डोळे किलकिले करून मुठीतली काडी पाहिली. करड्या भुकटीने माखली होती. पण कोणती वस्तू माखली नव्हती? शिंप्याच्या भुवयासुद्धा करड्या होत्या. शिवाय गवत डोळ्यांनी बघायचं नसतं, हे काकांनीच जन्मभर लोकांना सांगितलं होतं. उन्हाने उडालेलं फिकट गवत चांगलं निघतं आणि हिरवंगार गवत दगा देतं.

"घ्यायचं तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा. मागे माणसं उभी आहेत."

"काका?" शिंपी त्यांच्या तोंडाकडे बघत होता. "न्या म्हणू का याला?"

न्या म्हटलं तर आज संध्याकाळी गव्हाणीत काय घालायचं? काकांना तांबडीचे कान दिसले.

"घ्या," ते म्हणाले.

काकांनी चाळीस गठ्ठे घेतले, शिंप्याने वीस.

दुसऱ्या दिवशी काका टँकरच्या रांगेत गेले आणि तीन तासांनी दोन हंडे घेऊन परतले, तेव्हा काकू वैरणीच्या खोलीतून बाहेर येत होत्या. डोक्याला फडकं बांधलेलं, नाकातोंडाला पदर. त्यांनी चार शिंका दिल्या.

"काय गं, गठ्ठे का हलवलेस?"

"झाडून घेतलं जरा. धूळ किती आहे या मालाला." त्या काकांकडे न बघता हात धुवायला गेल्या.

दोन दिवस त्यांनीच वैरण घातली. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. त्यांची धाकटी बहीण जिन्यावरून पडली होती, पाय दोन ठिकाणी मोडला होता, घरात करणारं कोणी नव्हतं. जाणं भाग होतं. फाटकाशी रिक्षा उभी, पिशवी हातात, आणि काकू परत वळल्या.

"हे बघा. गठ्ठे डाव्या हाताचेच काढायचे. उजव्या हाताच्यांना शिवायचं नाही."

"का?"

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "डावीकडचे हलके आहेत. तुमची कंबर धरली तर उचलायला मी नाही इथे."

"बरं बरं. मला गवत शिकवू नकोस."

काका हे नेहमीच्या सवयीने बोलून गेले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या रिक्षात बसल्या.

त्या संध्याकाळी काका फाटकाकडून बोळात शिरले, बोळाचं दार उघडलं आणि डाव्या हाताच्या थप्पीला हात घातला. हलके कसले! पहिलाच गठ्ठा ओढताना कंबर कळवळली. "हिचं हलकं म्हणजे हे," ते स्वतःशीच म्हणाले. गठ्ठ्याची दोरी कापली तशी करडी भुकटी उडून चष्म्यावर बसली. त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि कवळ भरून गव्हाणीत टाकली.

म्हातारीने तोंड खाली नेलं, हुंगलं, जोरात फुसकारली आणि मान वर केली. तिच्यामागच्या चौघीही थांबल्या.

"नाक मुरडतेस? या दिवसांत? गल्लीत लोक झाडूची काडी घालताहेत जनावरांना, आणि तुला नखरे सुचतात?"

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. सकाळी गव्हाण तशीच होती. नुसती कडेची चार काडं कालवडीने ओढली होती. काकांचं धाबं दणाणलं. घरात गवत आहे आणि जनावरं उपाशी, हा कुठला न्याय? मग त्यांना गोदामातली एक जुनी युक्ती आठवली. लांबच्या प्रवासाने कंटाळलेली जनावरं नवी वैरण खाईनात तेव्हा तिथे मिठाचं पाणी शिंपडत. काकांनी तांब्याभर पाण्यात दोन मुठी मीठ विरघळवलं आणि सगळ्या गव्हाणीवर शिंपडलं. म्हातारीने जीभ लावली. एकदा चाटलं, दोनदा चाटलं, मग काडी ओढली. तांबडीला धीर निघाला नाही. ती दोघांची भूक घेऊन उभी होती.

त्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला तेव्हा काकांचा आवाज चांगलाच चढला होता. "गव्हाणी चाटून पुसून साफ! तांबडीने तर तुझ्या हातचंसुद्धा इतकं खाल्लं नसेल."

"डाव्या हाताचेच काढताय ना?"

"हो गं बाई, डाव्याच हाताचे. लिहून देऊ का?"

चौथ्या दिवशी कालवड खोकू लागली. धुळीने, काका म्हणाले. पाचव्या दिवशी एकशिंगीचं शेण पातळ झालं. सहाव्या दिवशी सकाळी तांबडी सारखी उठबस करत होती, शेपूट एका बाजूला धरून. काका समजले, पण समजून घ्यायला तयार नव्हते. अजून दोन महिने होते. ते तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत राहिले, "नाही, नाही. इतक्यात नाही." दुपारी बारा वाजता तिने टाकलं. वासरू पूर्ण घडलेलं होतं, पण अंगावर अजून नीट केस नव्हते. खूर पिवळे आणि मऊ, ओल्या साबणासारखे. तांबडीने ते चाटायला सुरुवात केली आणि बराच वेळ चाटत राहिली. काकांना ते काढून घेववेना.

जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. जार पडला नव्हता, म्हणजे वासराबरोबर पोटातून बाहेर यायला हवं ते सगळं आतच अडकून होतं. त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून जमेल तेवढं काढलं, दोन सुया टोचल्या आणि बादलीत हात धुता धुता विचारलं, "खायला काय आहे?"

"गवत. सुकं."

"गवताचं तुम्हाला काय विचारायचं म्हणा! उलट आम्हीच तुमच्याकडे शिकायला यायचं." डॉक्टर हसले. शेजारीच गव्हाण होती. त्यांनी तिकडे मानही वळवली नाही. "अशक्तपणा आहे, काका. या महिन्यातली ही माझ्याकडची सहावी. तिला पोटभर खाऊ घाला, बाकीच्यांचं थोडं कमी करा."

काकांनी बाकीच्यांचं थोडं कमी केलं आणि तांबडीला अर्धा गठ्ठा जास्त घातला. वर मिठाचं पाणी.

आठव्या दिवशी दुपारच्या गाडीने काकू परत आल्या. तांबडी तेव्हा बसलेली होती, मान जमिनीला टेकवून. काकूंनी पिशवी दारातच टाकली. तिच्या कानाच्या मुळाशी हात लावून ताप पाहिला. मग त्यांचा चेहरा वळला, गव्हाणीकडे. त्यांनी मूठभर गवत उचललं, नाकापर्यंत नेलं न नेलं आणि झटक्याने लांब केलं.

"हे कुठलं?"

"कुठलं म्हणजे? आपलंच. डाव्या हाताचं."

काकू उठल्या आणि तरातरा अंगणातून वैरणीच्या खोलीत गेल्या. काका घराला वळसा घालून बोळाच्या दारात येऊन उभे राहिले. मध्ये ती लांबट खोली. काकूंनी आपला डावा हात पसरला. त्या हाताशी सोळा गठ्ठे होते, एकावर एक नीट रचलेले, एकही न फोडलेला.

"हा माझा डावा हात," काकू म्हणाल्या.

काकांनी खाली आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्याच्याशी विस्कटलेली थप्पी होती आणि जमिनीवर कापलेल्या दोऱ्या. 

"तू फाटकात उभी राहून सांगितलंस," ते म्हणाले. "मला वाटलं..."

"मी या खोलीत कधी फाटकाकडून आलेय का? एवढ्या वर्षांत एकदा तरी?"

"पण हे वेगळे का काढले होतेस?"

"कुजलेत म्हणून. कोणीतरी वजनासाठी पाणी मारून बांधलेत. आत सगळी बुरशी आहे, धूळ नव्हे ती. दारात पाय टाकला तरी वास मारतोय. टाकून द्यायचे होते, पण एवढे एकदम टाकले असते तर तुम्ही विचारलं असतंत."

"मला नाही आला," काका म्हणाले.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"दूध करपलं तेव्हापासून."

काकू दाराच्या उंबऱ्यावर बसल्या. "मिशीवाल्याच्या मालातसुद्धा दहांत एखादा वाईट निघायचा. मी तुमच्या पाण्याच्या वेळेला मागच्या खड्ड्यात टाकून यायचे. तुम्ही त्याला सैल बांधतो म्हणून शिव्या घालायचात. मी ऐकून घ्यायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात? नाक तुमचं. मला वाटलं, आज ना उद्या तुम्हीच सांगाल. आपण होऊन विचारलं तर तुम्हाला लागेल." मग त्यांनी विचारलं, "म्हातारीने खाल्लं कसं? ती तर असल्याला तोंड लावत नाही."

"नाही लावलं. तिने सांगितलं मला." काकांनी पायाजवळची कापलेली दोरी उचलली. "मी मीठ मारलं."

तांबडी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, पाणी पाजायच्या वेळेला. काका बादली घेऊन आले तेव्हा तिचे कान पुढे आले नाहीत. ज्या गाडीत आपली एकही चढणार नाही असं त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, ती आली नाही. दुसरी आली, नगरपालिकेची.

ती बोळातून बाहेर पडेपर्यंत काका उभे होते. मग चप्पल घालून शिंप्याच्या दुकानाकडे निघाले. काकू म्हणाल्या, "मी येते." ते म्हणाले, "नको."

शिंपी एका गिऱ्हाइकाच्या पँटला टाचण्या लावत होता. ओठांतही टाचण्या होत्या. तशातच तो म्हणाला, "या काका. तांबडीचं कळलं, वाईट झालं." मग थोडं हसवावं म्हणून, "नाक कसं आहे?"

"गेलंय," काका म्हणाले.

"कुठे? हवापालटाला?"

गिऱ्हाईक हसलं. काका हसले नाहीत. "मला वास येत नाही. गेल्या हिवाळ्यापासून. ते गवत मी न कळता घ्या म्हटलं. कुजकं आहे. तांबडी त्यानेच गेली. तू जनावराला घालू नकोस."

शिंप्याने ओठांतल्या टाचण्या एक एक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या. "गेल्या हिवाळ्यापासून," तो म्हणाला. त्या पाच महिन्यांत काका त्याच्याबरोबर चार वेळा मालधक्क्यावर गेले होते. "काका, जुनं संपलं, परवापासून तेच घालतोय आम्ही." एवढं बोलून तो गिऱ्हाइकाला अर्ध्या टाचलेल्या पँटमध्ये तसाच सोडून घराकडे पळाला.

म्हैस वाचली. दूध मात्र आटलं. शिंपी भांडायला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. रस्त्यात भेटला की तो अदबीने बाजूला होतो आणि "काका, बरं आहे ना?" म्हणतो, जसं कोणालाही म्हणावं तसं. नाकाचं विचारत नाही. गल्लीतलं कोणीच विचारत नाही.

आता दावणीला चार आहेत. सोळा गठ्ठ्यांतले सहा उरलेत. पुढची लॉरी कधी, कोणाला माहीत नाही, आणि आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं स्वच्छ आहे. काकू रोज सकाळी अंगणात बसून कुजक्या गठ्ठ्यांतून बरी काडी निवडतात. मूठ उचलतात, हुंगतात, एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला टाकतात. दिवसभरात एका जनावराचंही पोट भरेल एवढी निघत नाही. बुरशीने त्यांना खोकला धरलाय. काका म्हणतात, "पुरे आता." त्या म्हणतात, "तुम्ही करणार आहात का?" बोलून झाल्यावर त्यांना वाईट वाटतं, आणि त्या पुढची मूठ उचलतात.

वैरण आता काकूच घालतात. परवा त्यांना खोकल्याची उबळ आली, म्हणून काकांनी त्यांच्या हातून कवळ घेतली. चांगल्या गठ्ठ्यातली होती, काकूंनी तपासून दिलेली. ते या खेपेला अंगणाच्या दाराने आले आणि म्हातारीपुढे उभे राहिले. म्हातारीने गवताकडे पाहिलं नाही. तिने मान पुढे केली, काकांचा हात बोटांपासून मनगटापर्यंत हुंगला, फुसकारली आणि तोंड फिरवलं. तिच्यामागच्या तिघीही तशाच उभ्या राहिल्या.

"ठेवा खाली," काकू मागून म्हणाल्या. "मी घालते."

काकांनी कवळ खाली ठेवली. बोळात जाऊन त्यांनी हात धुतले. पाणी मोजकं असूनही दोनदा धुतले. मग इकडेतिकडे पाहून उजवा हात नाकाशी धरला आणि डोळे मिटले, गोदामात मिटायचे तसेच. बराच वेळ ते तसे उभे होते.